आश्रित मित्र : प्रेम कीं कर्तव्य?
(कळंबें येथें केलेलें भाषण)



पैऱ्याला बैल दिला तर उलट बैल मिळतो. तेथें प्रेम कीं कर्तव्य हा प्रश्नच निघत नाहीं. पण ज्याचा बैल मेला, हात मोडला किंवा धंदा बसला, असा मित्र आमच्या ओसरीवर येऊन राहिला म्हणजे हा प्रश्न घरोघर उभा राहतो. पहिला महिना सर्वजण मायेनें वाढतात. सहाव्या महिन्यांत भाकरीबरोबर टोमणाही वाढला जातो. "आम्ही म्हणून तुला सांभाळलें!" हें वाक्य तोंडांतून गेलें, कीं मित्र गेला व ऋणको उरला.

कर्तव्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. माया कांहीं रोज सारखी नसते. ती आटली त्या दिवशींही चूल पेटली पाहिजे, आणि ती कर्तव्यच पेटवितें. पण कर्तव्यानें पोट भरतें, मान मिळत नाहीं. मान कसा द्यावा, हें आमच्याच करवीरांत घडलें आहे.

गंगाराम कांबळे हे शाहू छत्रपतींच्या पागेंतील नोकर होते. कळंब्याच्या तळ्यानें कोल्हापूरला पाणी पाजलें. तें पाणी पिणाराची जात विचारीत नाहीं, पण हौदाजवळचीं माणसें विचारीत होतीं. अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस हौदाला शिवला, म्हणून स्पृश्य नोकरांनीं गंगारामांना बेदम मारलें. महाराजांनीं मारणारांना शासन केलें. एवढ्यावर ते थांबते, तर तें धन्याचें कर्तव्य झालें असतें. पण त्यांनीं गंगारामांना चाकरींतून मोकळें केलें व स्वतंत्र धंद्याला पैसे दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान निघालें. तेथें चहा पिणार कोण? तेव्हां महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेऊं लागले व बरोबरच्या मंडळींनाही पाजूं लागले.

आमचें म्हणणें येथेंच आहे. देणें सोपें, आश्रिताच्या हातून घेणें कठीण. देतांना आमचा हात वर राहतो, घेतांना दोघांचे हात सारखे होतात. नुसतें कर्तव्य आश्रिताला आश्रितच ठेवतें. प्रेम त्याला पायांवर उभा करून त्याच्या दारीं पाहुणचाराला जातें.

आतां दुसरी बाजू. ६ मे १९२२ रोजीं महाराज वारले. ज्यांचें देणें होतें तेच उरले नाहींत. वसुलीला येणारा कोणी नव्हता. तरी पुढें कांहीं वर्षांतच कोल्हापुरांत नर्सरी बागेंत महाराजांचें पहिलें स्मारक उभारावयास गंगाराम कांबळेच पुढें झाले. ह्याला कर्जफेड कोण म्हणेल?

तेव्हां मंडळी, ओसरीवरच्या मित्राला भाकरी द्याच. मात्र मैत्री पुरुषाची आणि कष्ट भाकरी थापणाऱ्या बाईचे, असें करूं नका. मित्राला काम सांगा, सल्ला विचारा, त्याच्या हातचें पाणी मागा. आणि तो कधीं "नाहीं" म्हणाला तर रागावूं नका. "नाहीं" म्हणण्याची मोकळीक ज्याला आहे तोच मित्र. ज्या दिवशीं तो आपल्या स्वतःच्या चुलीवर चहाचें आधण ठेवील, त्या दिवशीं पहिला पेला आपण प्यावा.