आजारी असली तरी आईच
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मधुमेह, रक्तदाब यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी माझ्या आईबद्दल बोलणार आहे. मी नऊ वर्षांचा असताना तिला स्किझोफ्रेनिया झाला. वडील नोकरीनिमित्त बेंगळुरूला आलेले. ना आजी जवळ, ना मावशी. आई रात्ररात्र जागायची, शेजारी पाळत ठेवतात म्हणायची. मला वाटे, मी हट्ट केला म्हणूनच ती अशी झाली. विचारणार कुणाला? बाहेर 'आईला बरं नसतं' एवढंच सांगायचं, असं घरात ठरलेलं.

मंडळातल्या एका काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी ना उपदेश केला, ना अंगारा दिला. शाळेतून आलो की मी त्यांच्याकडे जेवायचो. आई थोडी सावरल्यावर त्यांनी तिला नैवेद्याचे मोदक वळायला बोलावलं. "वहिनी, तुमच्यासारख्या कळ्या आम्हाला पाडता येत नाहीत," म्हणाल्या. आजार गेला नव्हता, गोळ्या चालूच होत्या. पण त्या दिवशी आई 'पेशंट' नव्हती.

आपल्याच शहरातल्या निम्हान्समध्ये २००९ साली आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना तीव्र मनोविकार होतो, अशा मातांसाठी हा मोठा आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो, की उपचार चालू असताना तीन वर्षांखालील मुलाला एरवी आईपासून तोडू नये. धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा तातडीने डॉक्टरांना गाठावं.

आपण काय करायचं? मुलाला सांगायचं: हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि अडचण आली तर या काकांना फोन कर. पालकांना विचारायचं, "मदत कशाची हवी?" डबा, शाळेची ने-आण, दवाखान्यात सोबत. दाखल व्हावं लागलं तर मुलं कुणाकडे राहतील, हे त्यांनी बरं असतानाच लिहून ठेवावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.

परगावी आपले नातेवाईक म्हणजे आपणच. येत्या वर्षी एखाद्या बंद दारावर प्रसाद घेऊन जा, आणि जरा वेळ बसा.

गणपती बाप्पा मोरया!