मृत्यूची नोंद : कोठे शोधावी, कशी मागावी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मृत्यूच्या नोंदींचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु नववीच्या वर्गाला मी इतिहासाच्या तासाला आपापली वंशावळ लिहून आणण्यास सांगितले, तेव्हा जे दिसले त्यावरून हा विषय आपल्या घरातलाच आहे अशी माझी खात्री झाली. बहुतेक मुलांना आजोबांचे नाव ठाऊक होते, काहींना पणजोबांचेही. पणजी मात्र एकाही वहीत नव्हती. आणि आजोबा केव्हा वारले, या रकान्यात जवळजवळ सर्वांनी 'फार पूर्वी' असे लिहिले होते.

'फार पूर्वी' हे उत्तर आपल्याला परवडणारे नाही, कारण कोण आधी गेला आणि कोण मागून, यावर आपल्या वारसाहक्काचे हिस्से ठरतात. बाप हयात असताना एक मुलगा वारला आणि दुसरा मागे राहिला, तर वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वारस म्हणून हिस्सा येत नाही. तोच मुलगा बापानंतर चार दिवसांनी वारला असता, तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे गेला असता. मुलेबाळे असलेल्या विधवेचा आठवा हिस्सा, भावाच्या निम्मा असा बहिणीचा हिस्सा, हे सारे मृत्यूच्या दिवशीच ठरून जाते. म्हणून वंशावळ घेऊन मौलवीसाहेबांकडे जा की वकिलाकडे, पहिला प्रश्न तारखेचा येतो. दोन चुलत घरांत वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे आणि तंट्याचे मूळ केवळ दोन मृत्यूंच्या क्रमात आहे, असे उदाहरण आपल्या कोकणात कोणी पाहिले नाही?

आता नोंद शोधायची कोठे? येथे एक समज प्रथम दूर केला पाहिजे. आपण म्हणतो, माणूस आमच्या गावचा, तेव्हा नोंद गावातच असणार. कायदा तसा नाही. मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद होते. आपले कितीतरी पूर्वज मुंबईत गोदीवर आणि बोटींवर नोकरीला होते. डोंगरी, माझगावच्या जमातीच्या खोल्यांत राहिले आणि तेथेच, किंवा तेथील एखाद्या रुग्णालयात, अल्लाला प्यारे झाले. त्यांची नोंद ग्रामपंचायतीत मिळणार नाही. महापालिकेच्या ज्या विभागाच्या हद्दीत मृत्यू झाला, त्या विभागाच्या कार्यालयात चौकशी केली पाहिजे. यासाठी मय्यत कोठून उठली हे घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावे. पुरुषांना रक्कम आठवते, स्त्रियांना जागा आठवते, असा माझा अनुभव आहे.

काळाचाही भेद आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. आपल्या राज्यात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यानंतरचा मृत्यू गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीकडे जावे. त्यापूर्वीच्या खेड्यांतील नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात आहेत. ही पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर हीच पुस्तके खाली काढली गेली. त्यामुळे पूर्वी जेथे 'सापडत नाही' हे ठरलेले उत्तर मिळे, तेथे आता निदान कोणत्या गावचे पुस्तक कोणत्या साली आहे हे सांगता येते. जुनी पाने मोडीत आहेत. मोडी वाचणारा बरोबर न्यावा, नाहीतर पान समोर असून ते कोरेच.

त्या पुस्तकात मृत्यूचे कारण म्हणून पानेच्या पाने 'ताप' असे लिहिलेले आढळते. त्यावरून फारसे काही निष्पन्न होत नाही. नावेही लिहिणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत. फातिमाची फातमा होते, हुसेनचा हुसेनमिया होतो, आडनाव तर पुष्कळदा नसतेच. म्हणून एका नावावर अडून न राहता बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि जात या रकान्यांवरून ताळा घ्यावा. स्त्रीची नोंद सासरच्या गावी शोधावी, पण बाळंतपणात वारलेल्या मुलीची माहेरीही शोधावी, कारण बाळंतपण माहेरी होण्याची आपली चाल आहे.

शोधाची फी वर्षागणिक घेतली जाते आणि कारकुनाचा धीर त्याहून लवकर संपतो. सबब साल जितके आवळून नेता येईल तितके चांगले. याची युक्ती सांगतो. म्हाताऱ्यांना सन विचारू नये, घटना विचारावी. 'मानमोडीत गेला' असे कोणी म्हटले तर ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. 'रामदास बोट बुडाली त्या सुमारास' म्हटले तर १७ जुलै १९४७. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच रमजान लागला होता, एवढा दुवा मिळाला तरी महिना पक्का होतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. कबरीवरील दगडावर हिजरी सन असेल तर ध्यानात ठेवावे की हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ३३ हिजरी वर्षे म्हणजे जवळजवळ ३२ इंग्रजी वर्षे. सरळ वजाबाकी करणारा दोन-तीन वर्षांनी हमखास चुकतो.

जमीन असलेल्या घरांना आणखी एक वाट मोकळी आहे. खातेदार वारला की वारसाची नोंद होते आणि फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, 'अमुक हा अमुक तारखेस मयत' असे लिहिले जाते. मृत्यूची मूळ नोंद हरवली असली तरी हा फेरफार तलाठी दप्तरात किंवा तहसिलीत मिळू शकतो. तो वाचताना मुलींची नावे कोठे आहेत तेही पाहावे. कित्येक उताऱ्यांत बहिणी 'इतर हक्कात' बसवलेल्या असतात, कित्येकांत त्या मुळीच नसतात. हे शरियतीतही बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही. बसते ते फक्त भावांच्या सोयीत.

अर्ज लांबवू नये. मयताचे नाव व त्याची इतर रूपे, बापाचे वा नवऱ्याचे नाव, मृत्यूचे ठिकाण, तारीख किंवा कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शोधावे, आपले नाते आणि कारण, एवढे एका पानात मावते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. १९६९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे कोणीही फी भरून शोध घेववू शकतो आणि उतारा मागू शकतो. उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही. नोंद सापडली नाही तर तोंडी 'नाही' वर परत येऊ नये. नोंद आढळत नाही असा लेखी दाखला मागावा, पुढे तोच उपयोगी पडतो. नोंदीत चूक असेल तर ती खाडाखोड करून नव्हे, समासात शेरा मारून दुरुस्त होते.

मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय नोंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. आपण दफन त्याच दिवशी उरकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या घाईत खबर राहते ती कायमची राहते.

जमातीच्या जाणत्यांना एक विनंती आहे. आपल्याकडे चटईच्या देणगीचा हिशेब रुपया-पैशांनिशी मिळतो, पण कबरस्तानात कोण निजले आहे याची वही फार थोड्या गावांत आहे. ती धरावी. तीत दोन्ही तारखा असाव्यात, इंग्रजी आणि हिजरी. मय्यत कोठून आली ते असावे. आणि स्त्री असेल तर 'अमक्याची बायको' न लिहिता तिचे स्वतःचे व तिच्या बापाचे नाव असावे. मुतवल्लींनी परवानगी दिली तर जांभ्या दगडांवर जी थोडी अक्षरे अजून वाचता येतात, ती नववीचे विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत उतरून घेतील. वह्या शाळेने आणून ठेवल्या आहेत.