पोतं परत आलं तेव्हा

माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायच्या, पंक्चर काढायची, शाळा सुरू होण्याआधी पोरांच्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग करायचं. अब्बा गेले आणि दुकान दोन वर्षं बंदच राहिलं. जागामालकाने जागा परत मागितली, तेव्हा मी आणि धाकट्या भावाने शटर वर केलं. आत काय नव्हतं! डालड्याच्या डब्यांतून छर्रे, सुतळीने बांधलेल्या चाकाच्या तारा, वायसर, घंटीच्या वाट्या, ट्यूबचे तुकडे. अब्बा काही टाकत नसत. ‘लागेल कुणाला तरी,’ म्हणत.

ओळखीचा भंगारवाला आला. म्हणाला, ‘चाचा, सगळं मिळून किलोवर लावतो.’ मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात शेजारच्या शाळेतल्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या शाळेत मुलं टाकाऊ वस्तूंतून खेळणी, विज्ञानाची साधनं बनवतात. काही देता येईल का? मला फार आनंद झाला. कवी माणूस, आनंद लवकर होतो. हाताला लागेल ते पोत्यात भरलं आणि रिक्षात घालून पाठवून दिलं.

चार दिवसांनी पोतं परत आलं. सोबत बाई स्वतः होत्या. म्हणाल्या, ‘सर, राग मानू नका. एका मुलाच्या बोटात तार घुसली. ग्रीसने वह्या माखल्या. आम्हाला वस्तू हव्या आहेत, तुमची आवराआवर नको.’

मला राग आला, खोटं कशाला बोलू? फुकट देतो आणि वर ऐकूनही घ्यायचं! पण रात्री विचार केला तेव्हा पटलं. मी दान केलंच नव्हतं. माझ्या घरची अडगळ मी दुसऱ्याच्या अंगणात ठेवून आलो होतो.

अशा कामात वस्तूचं मोल नेमकं कशात असतं, हे मला अरविंद गुप्तांच्या एका गोष्टीने कळलं. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा अभियंता पुण्याच्या टेल्को कारखान्यात होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या शाळांतून हाताने करून विज्ञान शिकण्याचा प्रयोग १९७२ पासून चालू होता. तिथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या घेतल्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब घेतली. आमच्या दुकानात तिला वालटूब म्हणत. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि काड्यांची टोकं त्यांत खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. पुलांना, छपरांच्या कैच्यांना त्रिकोणच का असतात, ते पोराला फळ्याशिवाय कळतं. पुढे गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं हेच काम केलं. अब्बांनी आयुष्यभर ती वालटूब हाताळली; तिच्यात भूमिती आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पण लक्षात घ्या, चाळीस मुलांच्या वर्गाला असे तुकडे शेकड्यांनी लागतात, आणि तेही एकाच मापाचे. एक छर्रा, एक बटण, एक रीळ यांचं काही होत नाही. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या कपबश्यांतून, बांगड्यांच्या काचांतून माणसं आणि प्राणी उभे केले. १९७६ साली त्यांचं रॉक गार्डन लोकांना खुलं झालं. तिथेही खरी करामत आहे ती एकसारख्या वस्तूंच्या ढिगांची. म्हणूनच घरातल्या माळ्यापेक्षा शिंपी, सुतार, छापखाना, बाइंडर यांच्याकडे या कामाचा माल जास्त असतो. शिंप्याच्या चिंध्या, सुताराचे एकाच जाडीचे तुकडे, छापखान्यातल्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या. रोज निघतात आणि रोज तशाच निघतात.

मग आम्ही दोघे भाऊ तीन रविवार दुकानात बसलो. हल्ली रॉकेल मिळत नाही, म्हणून छर्रे डिझेलमध्ये धुतले, नंतर साबणाने. तारांची टोकं कानशीने घासली. गंजलेलं बाजूला काढलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली, काय आहे आणि किती आहे. छर्ऱ्यांच्या डब्यावर बाईंनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं, ‘बालवाडीला देऊ नये’. लहान मूल आधी तोंडात घालतं. जुने सेल, फुटक्या काचा, रंगाचे आणि औषधाचे डबे पाठवायचेच नाहीत, असंही त्यांनी बजावलं होतं.

आणि भंगारवाल्याचं काय? मोडक्या फ्रेमी, रिम, चेन त्यालाच दिलं. त्यावर त्याचं घर चालतं. ज्याचं वितळवून लोखंडच होणार आहे, ते शाळेत नेऊन ठेवण्यात काही पुण्य नाही. रद्दीवाला, बोहारीण, भंगारवाला यांनी आपल्याकडच्या वस्तू किती पिढ्या फिरत्या ठेवल्या! त्यांच्या तोंडचा घास काढून आपण दानशूर व्हायचं, हे मला पटत नाही. जे त्यांना विकत घेण्यासारखं नाही, पण ज्याचा आकार अजून कामाचा आहे, तेवढं मुलांचं.

या वेळी पोतं परत आलं नाही. पंधरा दिवसांनी बाईंनी शाळेत बोलावलं. मुलांनी तारांचा आणि घंटीच्या वाट्यांचा जलतरंगासारखा काहीतरी प्रकार केला होता. वाट्या लहानमोठ्या, म्हणून आवाज वेगवेगळे. एक मुलगा तारेने वाजवत होता. त्यातल्या एका वाटीला पोचा आहे. ती अब्बांच्या स्वतःच्या सायकलीची. तिचा आवाज बसका येतो, आणि तो मला लहानपणी गल्लीच्या टोकावरून ओळखू यायचा.

बाईंना आणखी पंधरा वाट्या हव्या आहेत. माझ्याकडे अकराच निघाल्या. भाऊ आता गावातल्या दुसऱ्या सायकलवाल्यांकडे विचारतो आहे.