अंगालगतचा कपडा



थंडीच्या कपड्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर स्वेटर येतो, शाल येते, कानटोपी येते. आज मी मात्र या सगळ्यांच्या आत असणाऱ्या, कुणालाच न दिसणाऱ्या कपड्याविषयी बोलणार आहे. आपण त्याला बनियन म्हणतो, दुकानदार थर्मल किंवा इनर म्हणतात. एवढ्याशा कपड्यावर बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पंधरा वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटत होतं.

मी बँकेत नोकरी केली. पक्षी बघण्याचा नाद उशिरा लागला. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचं जायकवाडी धरण आहे. धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, पट्टकादंब येतात, नशीब असेल तर रोहित पक्षीही दिसतात. एके काळी अशा पाणथळीवर लोक बंदूक घेऊन जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार संपली. आता आमच्यासारखे लोक दुर्बीण घेऊन जातात. पण शिकाऱ्याची आणि आमची एक अडचण अगदी सारखी आहे. आधी अंधारात भराभर चालायचं आणि मग पाण्याच्या कडेला तासन्‌तास हालचाल न करता बसायचं. थंडी पकडते ती या बसण्यात.

पहिल्याच हिवाळ्यात मी एक जाडजूड जॅकेट घेतलं होतं. पहाटे चारला निघालो. बिडकीन, ढोरकीन मागे टाकून काठावर पोहोचलो आणि चिखल तुडवत दोन-तीन किलोमीटर चाललो. घाम आला. बरं वाटलं, म्हटलं जॅकेट झकास आहे! मग लव्हाळ्याच्या आडोशाला बसलो. दहा मिनिटांत पाठीतून गारवा शिरला. अर्ध्या तासात हात इतके थरथरायला लागले की दुर्बिणीत बदक ठरेना. मी जॅकेटला आणि ते विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आमच्यातल्या एका जाणत्या मित्रानं माझ्या कॉलरमधून हात आत घातला आणि म्हणाला, "जॅकेटला कशाला दोष देतोस? आतून तू पिळून काढण्याइतका ओला आहेस."

माझं सुती बनियन घामानं चिंब झालं होतं. मंडळी, इथेच सगळी मेख आहे. कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब आपल्या शरीराची असते, आणि कपड्याच्या धाग्यांत अडकलेली कोरडी हवा ती धरून ठेवते. तो कपडा ओला झाला की हवेची जागा पाणी घेतं आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. उन्हाळ्यात सुती कपडा आपल्याला गार ठेवतो तो याच गुणामुळे. तो पाणी पितो, धरून ठेवतो आणि हळूहळू वाळतो. चैत्र-वैशाखातला हा गुण पौषात मात्र अवगुण ठरतो.

पक्ष्यांना हे आपल्या आधी कळलेलं आहे. पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो आणि दिवसभर गार पाण्यात पोहतो. त्याच्या वरच्या पिसांखाली, अगदी कातडीलगत, मऊ पिसांचा थर असतो आणि त्यात कोरडी हवा असते. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं घेऊन तो पिसं सारखी नीट करत असतो. आपल्याला वाटतं, नटतोय! खरं तर तो आपली आतली कापडं कोरडी राखत असतो. हा थर भिजला तर एवढा मोठा प्रवास करणारा पक्षीसुद्धा गारठून मरू शकतो.

आता हौसेची गोष्ट बाजूला ठेवतो आणि जिच्यामुळे हा विषय मला महत्त्वाचा वाटला ती गोष्ट सांगतो.

माझे मामा पैठण तालुक्यात शेती करतात. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं, म्हणून मामा रात्री बाराला दारं धरायला गेले. अंगात सुती बनियन, सदरा, धोतर आणि वरून एक जुना स्वेटर. पाट फुटला. तो बांधता बांधता ते कमरेपर्यंत भिजले, आणि फावडं चालवून अंगात घामही आला. वारा सुटलेला. पहाटे मामेभाऊ बघायला गेला तर मामा बांधावर बसलेले. हाक मारली तर बोबडं बोलले. उठवलं तर पाय लटपटले. सदऱ्याची गुंडीसुद्धा त्यांना काढता येईना. त्याहून वाईट म्हणजे ते कुडकुडतही नव्हते. शेजारचा एक जण म्हणाला, "तात्यांनी आज घेतलेली दिसते." मामांनी जन्मात कधी घेतलेली नाही!

मामीनं मात्र क्षणभर वेळ घालवला नाही. कोठ्यात नेऊन अंगावरचं सगळं ओलं काढलं, कोरड्या धोतरानं अंग टिपलं, घोंगडी गुंडाळली आणि दवाखान्यात न्यायला गाडी बोलवायला सांगितलं. डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावलं. शरीराचं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की मेंदू आणि स्नायू ढिले पडायला लागतात. त्यासाठी बर्फ पडायला हवा असं नाही. भिजलेलं अंग आणि वारा असेल तर आपल्याकडची थंडीही पुरते. कुडकुडणं म्हणजे शरीर झगडतंय. अंग गार असतानाच ते थांबलं तर समजावं, शरीर हरायला लागलंय.

अशा माणसाला दारू पाजू नये. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. हातपाय जोरानं चोळू नयेत, शेकोटीला अगदी खेटून बसवू नये. आडोशाला न्यावं, ओलं काढावं, छाती-पोट कोरड्या पांघरुणात गुंडाळावं. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच गोड गरम चहा द्यावा. आणि दवाखाना गाठावा.

मामा वाचले. पण तेव्हापासून मी दुकानात गेलो की आधी बनियनचं लेबल वाचतो.

मग अंगाला लागून काय घालावं? माझ्या अनुभवातून आणि वाचनातून जे कळलं ते सांगतो. बाजारात 'थर्मल' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ जोड्या सुती किंवा निम्म्याहून जास्त सुती असतात. घरात बसायला, झोपायला त्या उत्तम. पण घाम येणार असेल किंवा भिजण्याचा संभव असेल, तर त्या नकोत. त्या वेळी पॉलिएस्टरचं किंवा लोकरीचं आतलं वस्त्र बरं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही. घाम कापडातून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि लवकर उडून जातो. लोकरीची गंमत वेगळी. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषते, तरी ओली लागत नाही आणि दमट असतानाही बऱ्यापैकी ऊब देते.

तुम्ही म्हणाल, मग आपली घोंगडी काय वाईट? मुळीच वाईट नाही. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, कातडीला टोचते. म्हणून घोंगडी वरून घ्यायची. आतल्या कपड्याला मेरिनोसारख्या मेंढीची बारीक लोकर लागते, आणि ती महाग असते. अंगाला कोणता धागा लागावा याचा विचार आपल्या विणकरांनी फार पूर्वी केलेला आहे. मशरू कापडाला वर रेशमाची झळाळी असते आणि आत, कातडीच्या बाजूला, सूत असतं. तिथे कारण धार्मिक होतं, आपलं कारण थंडीचं आहे. पण कापडाला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात, हे हिमरू-मशरूच्या या शहराला नव्यानं सांगायला नको.

आता खर्चाचं. शेतकऱ्यानं महागडं थर्मल घ्यावं असं माझं म्हणणं नाही. मी घरी एक प्रयोग केला. एक सुती बनियन आणि मुलाची क्रिकेटची जुनी पॉलिएस्टर जर्सी, दोन्ही बादलीत बुडवली, सारखीच पिळली आणि गॅलरीत वाळत घातली. सौभाग्यवती म्हणाली, "निवृत्तीनंतर हेच बाकी होतं!" पण जर्सी केव्हाच वाळली आणि बनियन मात्र दमटच राहिलं. पोरांच्या अशा जर्स्या घरोघर पडलेल्या असतात. रात्री पाण्यावर जाताना बनियनऐवजी ती घालावी. अंगाबरोबर बसणारी हवी, ढगळ नको आणि श्वास कोंडेल इतकी घट्टही नको. कमरेत खोचता येईल इतकी लांब असावी. वर स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी. चालताना किंवा फावडं चालवताना गरम व्हायला लागलं तर घाम येण्याआधीच वरचा एक कपडा काढावा आणि थांबलं की लगेच घालावा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. पॉलिएस्टर आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. ते घालून शेकोटीत वाकू नका. ठिणगीपुढे लोकर जास्त भरवशाची, ती सहसा भडकत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सांगतो. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड बरोबर ठेवा. मी पाण्याकाठी पोहोचलो की आधी आतला कपडा बदलतो आणि मगच दुर्बीण काढतो. थंडीत सदरा काढायचा जिवावर येतं खरं, पण एका मिनिटाचं कुडकुडणं पुढचे तीन तास वाचवतं.

सौर वीज आली तिथे शेतीला दिवसा पाणी देता येऊ लागलं आहे. ते सगळीकडे होईल तेव्हा होईल. तोवर रात्री दारं धरणारे हात पुष्कळ आहेत. मामांच्या मोटारीच्या खोलीत आता खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. तीत जर्सी, पायजमा, टॉवेल आणि कानटोपी. मामी दर पंधरा दिवसांनी ती उघडून बघते, कारण मामा त्यातला टॉवेल हमखास दुसऱ्याच कामाला काढतात.

तुमच्या घरातलं कुणी आज रात्री पाण्यावर, पहाऱ्यावर किंवा दूध घालायला जाणार असेल, तर स्वेटर घातला का, एवढंच विचारू नका. आत काय घातलंय, तेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)