हाताचे वळण
(हमरापूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



चित्रकलेविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस लांब जावे लागले नाही. हमरापुरात उभे राहून कलेविषयी बोलावयाचे आणि गणपतीच्या कारखान्यांकडे पाठ फिरवावयाची, हे होणे नाही. येथे, जोहे-कळव्यास आणि पेण शहरात मिळून दरवर्षी लाखो मूर्ती तयार होतात. आपल्यांतील कित्येक तरुण मुलेमुली त्यांच्या रंगकामावर आहेत, आणि त्यांपैकी काहींनी आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारला आहे: दिवसभर दुसऱ्याच्या साच्यातील मूर्ती रंगवून आमची स्वतःची शैली होणार तरी कधी?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गिऱ्हाईक येते ते 'लालबाग' मागते, 'दगडूशेठ' मागते, 'टिटवाळा' मागते. साचा ठरलेला, पितांबराचा रंग ठरलेला, दिवसाकाठी किती नग हातावेगळे करावयाचे हेही ठरलेले. एकाने पांढरा हात द्यावा, दुसऱ्याने अंगाचा रंग, तिसऱ्याने शेला आणि सोनेरी काम. अशा वाटणीत 'माझे' म्हणून काय उरणार?

आमचे उत्तर असे की, आखणी उरते. डोळ्यांच्या आखणीपाशी साचा संपतो आणि माणूस सुरू होतो. भुवईचा उगम कोठे धरावा, वरच्या पापणीची रेघ कोठे जाड करून कोठे सोडावी, मखरापुढे खाली बसलेल्या माणसाकडे मूर्तीने पाहावे म्हणून बुबुळ किती उतरवावे, हे कोणताही साचा सांगत नाही. म्हणूनच जुना जाणता कारखानदार रांगेतील मूर्ती पाहून, ही अमक्याच्या हातची, असे अचूक सांगतो. लहानपणी आपण सर्वांनी एकच कित्ता गिरविला, तरी दोघांचे अक्षर सारखे आले नाही. शैली म्हणजे हाताचे हे वळण. ते बाजारातून आणता येत नाही.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. वळण आणि सवय या दोन गोष्टी एक नव्हेत. पाचशेवा डोळा काढताना ज्याचे लक्ष त्या डोळ्यावर आहे, त्याचे वळण घडते; ज्याचे लक्ष घड्याळावर आहे, त्याची नुसती सवय पक्की होते. बाहेरून दोघे सारखेच वेगवान दिसतात!

आपल्याच जिल्ह्यातील दोन कलावंतांची उदाहरणे यासाठी घेण्यासारखी आहेत. पहिले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. त्यांचा जन्म १८९१ मध्ये अलिबाग तालुक्यातील सासवने येथे झाला. घरी गणपती करण्याची परंपरा होती. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवछत्रपतींचे चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टराच्या पाहण्यात आले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग खुला झाला. पुण्यातील त्यांचा अश्वारूढ शिवाजीमहाराजांचा पुतळा १९२८ चा. एवढा लौकिक मिळविलेल्या या पुरुषाच्या सासवन्याच्या घरी, जेथे आज त्यांचे संग्रहालय आहे, गावची साधी माणसे आणि जनावरे सिमेंटमध्ये साकारलेली दिसतात. राजांच्या पुतळ्याइतकीच निगा म्हशीच्या पुतळ्यावर, हे आम्हांस विशेष वाटते.

दुसरे चित्रकार प्रभाकर बरवे. त्यांचा जन्म १९३६ मध्ये त्याच तालुक्यातील नागावचा. जे. जे. मधील शिक्षण १९५९ मध्ये संपले, आणि पुढे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. प्रथम वाराणसीस, नंतर मुंबईस. हातमागाच्या कापडासाठी नमुने तयार करावयाचे, म्हणजे दुसऱ्याच्या गरजेचेच काम. वाराणसीच्या वास्तव्यात तांत्रिक चिन्हांचा त्यांच्या चित्रांवर ठसा उमटला. ती वाट पुढेही चालविता आली असती. पण बरवे तेथे थांबले नाहीत. पुढील चित्रांत पान, घड्याळ, फळ, किल्ली असल्या घरोघरच्या वस्तू आल्या, आणि त्या अशा मोकळ्या अवकाशात मांडल्या गेल्या की पाहणाराने आपली नेहमीची किल्ली प्रथमच पाहावी. रंगही पुष्कळदा एनॅमलचा, आपण दारेखिडक्यांस देतो त्या जातीचा. त्यांनी वर्षानुवर्षे डायऱ्या लिहिल्या. दिसलेले, सुचलेले, अडलेले सारे टिपले. त्या चिंतनातून 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये आले. १९९५ मध्ये ते निवर्तले.

नोकरीने बरव्यांचा दिवस घेतला, पण पाहणे घेतले नाही. महागडे परदेशी रंग नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी त्या एनॅमलच्या डब्याचा विचार करावा. आणि मोबाइलवर पाहिलेल्या कोणा नामांकिताच्या चित्राची नक्कल करून तिला 'माझी शैली' म्हणणारांनी तर अधिकच करावा. आखणीच्या बैठकीवरून उठल्यावर समोरची खाडी, भाताची खाचरे, रंगाने माखलेले शेजाऱ्याचे हात, यांपैकी काहीही रोज एका वहीत उतरवावे. वर्षभराने पाने उलटून पाहिली, म्हणजे कोणती रेघ आपण शिकविल्याविना पुन्हा पुन्हा काढतो ते आपोआप कळते. तेथून पुढे विचारपूर्वक निवड करावयाची.

आता वडीलधाऱ्या मंडळींकडे दोन मागण्या. विसर्जनानंतर कामाचा रेटा काहीसा ओसरतो. त्या दिवसांत मुलगा वही घेऊन बसला, तर त्यास रिकामटेकडा म्हणू नये. दुसरी मागणी अधिक निकडीची आहे. कारखान्यांतून उत्तम आखणी करणाऱ्यांत आपल्या मुली पुष्कळ आहेत. आठ-दहा वर्षे बसविलेला त्यांचा हात लग्नानंतर एका दिवसात थांबतो. सासरी कोणी मुद्दाम अडविते असे नव्हे, कोणी विचारीतच नाही. सोयरीक ठरविताना आपण मानपानाच्या किती गोष्टी विचारतो! त्यांतच, मुलीस रंगकामास बसावयाला घरात एक उजेडाची खिडकी मिळेल काय, एवढे यापुढे विचारले जावे. आज या मंडपात दोन्हीकडची मंडळी हजर आहेत, म्हणून आम्ही हे येथेच बोलून ठेवीत आहोत.