निवासी शाळेचें द्वार आणि मुलांचे छंद



गेल्या हिवाळ्यांत भिगवणच्या बाजूस जाण्याचा योग आला असतां, इंदापूर तालुक्यांतील एका गृहस्थांनीं मला एक प्रश्न विचारला. त्यांची दहा वर्षांची कन्या उजनीच्या जलाशयाकांठीं पक्षी पाहण्यांत रमते. कोणता पक्षी कोणत्या दिवशीं कोठें दिसला, हें ती एका वहींत टिपून ठेवते. तिला एखाद्या चांगल्या निवासी शाळेंत घालावें, असा त्यांचा मानस होता. तेव्हां कोणी हितचिंतकानें त्यांस सांगितलें, "पक्षी पाहून काय होणार? मुलीला तलवारबाजी नाहींतर नेमबाजी शिकवा. आठवड्यांतून तीन दिवस बारामतीस पाठवा. असा आगळा खेळ अर्जावर दिसला, कीं शाळेचें दार आपोआप उघडतें." गृहस्थांची मिळकत बेताची. मुलगी जवळच उभी होती. "मग तिची ही वही बंद करूं का?" असें त्यांनीं विचारलें. त्या वेळीं मीं घाईनें उत्तर दिलें नाहीं. आज तें सविस्तर देण्याचा यत्न करतों.

प्रथम नियम काय सांगतात तें पाहूं. पुणें जिल्ह्याचें जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यांत पिंपळे जगताप येथें आहे. तेथील सहावीची प्रवेश-परीक्षा दोन तासांची व शंभर गुणांची असते. मानसिक क्षमतेस ५०, अंकगणितास २५ आणि भाषेस २५ गुण. बहुधा जागा ८०, आणि त्यांपैकीं निदान ७५ टक्के ग्रामीण भागांतील मुलांसाठीं. खेळाला किंवा छंदाला या परीक्षेंत एकहि गुण नाहीं. सातारची सैनिक शाळा १९६१ सालीं निघाली. अशा शाळांच्या सहावीच्या परीक्षेंत ३०० गुणांपैकीं १५० एकट्या गणितास आहेत. सामान्य ज्ञान, भाषा आणि बुद्धिमत्ता यांस प्रत्येकीं ५०. २०२१ पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाहि प्रवेश मिळूं लागला, ही गोष्ट आमच्या गृहस्थांस ठाऊक नव्हती. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी होते. तेथें निरोगी शरीर उपयोगीं पडतें खरें, पण तें कमावण्यास महागडें साहित्य लागत नाहीं. शेताच्या बांधावरून रोज धांवणें आणि गांवच्या तालमींत घाम गाळणें एवढें त्यास पुरेसें आहे.

खेळ हाच जेथें निकष, अशी संस्था म्हणजे राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी. तिचें पुण्यांतील केंद्र बालेवाडीस आहे. परंतु तेथेंहि लहान मुलांची पारख प्रामुख्यानें उंची, धांव, उडी आणि फेंक अशा शारीरिक चाचण्यांनीं होते. खेळ दुर्मिळ आहे कीं नित्याचा, याला तेथें महत्त्व नाहीं. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेची स्थापना डॉ. मुंजे यांनीं १९३७ सालीं केली. तेथें घोडेस्वारी शिकवितात. परंतु घोड्यावर बसतां येणाऱ्यासच आंत घेतात, असें नव्हे. शाळेनें जें स्वत:च शिकवावयाचें, तें दाराशींच मागण्यांत अर्थ काय?

तरी पण तो समज सर्वस्वीं निराधार आहे, असेंहि म्हणवत नाहीं. देहरादूनच्या राष्ट्रीय सैनिकी महाविद्यालयाच्या प्रवेशांत लेखी परीक्षेच्या ४०० गुणांखेरीज ५० गुण तोंडी परीक्षेस आहेत. ही संस्था १९२२ सालची आणि २०२२ पासून मुलींसहि खुली आहे. मुळशी तालुक्यांत १९९७ पासून चालणारें युनायटेड वर्ल्ड कॉलेज थोड्या मोठ्या मुलांसाठीं आहे. तेथें मुलाखतींत उमेदवाराची आवड आणि समाजाविषयींची आस्था पाहतात. पांचगणीच्या खासगी शाळांत प्रत्येकीचा रिवाज निराळा. अशा ठिकाणीं छंदाविषयीं विचारलें जाण्याचा संभव असतो. मात्र विचारणारा शोध घेतो तो छंदाच्या नवलाईचा नव्हे, तर त्यामागच्या मुलाचा.

नवलाईची ही कल्पना बहुधा परदेशांतून आली असावी. अमेरिकेंतील कित्येक नामांकित विद्यापीठांत आपल्या संघासाठीं खेळाडू सुचविण्याचा अधिकार क्रीडाशिक्षकांस असतो. त्यामुळें ज्या खेळाकडे थोडेच वळतात, त्याच्या वाटेनें प्रवेश सोपा, असें पालकांस वाटूं लागलें. त्याचा शेवट काय झाला तो पाहा. २०१९ सालीं तेथें एक मोठा घोटाळा उघडकीस आला. धनिक पालकांनीं लांच देऊन, कधींहि वल्हें न धरलेल्या मुलांस नौकानयनपटु म्हणून नोंदविलें होतें. त्यासाठीं छायाचित्रेंहि बनविलीं होतीं. कित्येक पालकांस तुरुंगाची हवा खावी लागली. ही गोष्ट शाळांची नव्हे, विद्यापीठांची. आणि इकडच्या ज्या परीक्षा मीं आतां सांगितल्या, त्यांत असें चोरदारच नाहीं. मग त्या दाराची किल्ली विकत घेण्यासाठीं आपण पैसा कां खर्चावा?

आतां त्या मुलीच्या वहीकडे वळूं. ती मुलाखतीस बसली आणि तिला विचारलें, "रोहित पक्षी उजनीस केव्हां येतात?" तर ती सांगेल, पावसाळ्यांत भीमेचें पाणी तुडुंब असतें तेव्हां नव्हे, पाणी ओसरून कांठचा चिखल उघडा पडूं लागला, म्हणजे येतात. "चिखलाशीं त्यांचें काय काम?" तर चोंच उलटी बुडवून तिच्या गाळणीनें ते बारीक जीव टिपतात. "पट्टकदंब कोठून येतो?" हिमालयापलीकडून. असें उत्तर देणाऱ्या मुलीच्या बोलण्यांत पाठांतराचा वास येत नाहीं. सहा महिन्यांच्या वर्गाचें प्रशस्तिपत्र दाखविणाऱ्यास मात्र दुसऱ्याच प्रश्नास अडखळावें लागतें.

बारामतीकरांस दूर जावयास नको. मोरोपंतांनीं याच गांवीं राहून एकशें आठ रामायणें रचिलीं, असें परंपरा सांगते. त्यांतील निरोष्ठ रामायणांत ओंठ मिटवावा लागणारा वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं, असा निर्बंध त्यांनीं स्वत:वर घालून घेतला. असे निर्बंध मनुष्य गोडीनें पाळतो, आणि त्या गोडींतूनच भाषेवर प्रभुत्व येतें. छंदाचें बळ हें असें आहे. सुप्यानजीकच्या मयुरेश्वर अभयारण्यांत चिंकारे पाहत तासन् तास स्तब्ध बसणारा मुलगाहि एकाग्रतेचाच अभ्यास करीत असतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. निवासी शाळेंत प्रवेश मिळणें हा आरंभ आहे. दहा-अकरा वर्षांचें मूल प्रथमच आईपासून दूर राहतें. रविवारची दुपार त्याला खावयास उठते. त्या वेळीं प्रशस्तिपत्र सोबत करीत नाहीं. आवडीचा छंद करतो. ज्या मुलीला पक्षी ओळखतां येतात, तिला साताऱ्यांतहि खिडकीबाहेर ओळखीचें कोणीतरी भेटतें. छंद मुलाला शाळेच्या दारांतून आंत नेईलच असें नाहीं, पण आंत गेल्यावर टिकून राहण्यास तो फार उपयोगीं पडतो.

तेव्हां त्या गृहस्थांस माझें उत्तर असें. वही बंद करूं नका. मुलीला स्वत:लाच तलवार हातीं घ्यावीशी वाटली, तर जरूर शिकवा. केवळ अर्जासाठीं मात्र नको. वर्गाचे आणि प्रवासाचे पैसे शिल्लक टाका. बारामतीच्या वाऱ्या वांचतील, त्यांतला रोज एक तास गणितास द्या, कारण परीक्षा गणिताचीच आहे. वयोमर्यादा आणि अर्जाची तारीख शाळेच्या पत्रकांतच पाहा, ऐकीव माहितीवर विसंबूं नका. आणि जागा थोड्या, उमेदवार फार. निवड न झाली तर मुलीला अपराधी वाटूं देऊं नका. तलवारबाजी अर्जासाठीं धरली असेल तर त्या दिवशीं ती सुटेल. वही सुटणार नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत पाणी ओसरलें, कीं ती पुन्हां कांठावर जाईल.