लाल्या आणि बाईंचा प्रश्न
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बऱ्याच जणांनी इथे आपल्या यशाबद्दल सांगितलं. मी एका कुत्र्याबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरच्यांना आमचा लाल्या आठवत असेल. माझ्या मागे शाळेत यायचा आणि मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात पडून राहायचा. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या डब्यातली भाकरी त्याने खाल्ली आहे.

आपण सातवीत होतो. कारखान्याचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॅक्टरखाली लाल्या गेला. घरी मी रडलो, तेव्हा सगळे म्हणाले, "कुत्रंच होतं, दुसरं आणू." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात काळज्या कमी नव्हत्या. पण मला दुसरं नको होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी गणित विचारलं आणि मला रडू फुटलं. बाईंनी मला व्हरांड्यात नेलं. "रडू नको" असं त्या म्हणाल्या नाहीत. "तो झोपायचा कुठे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली आणि मग बोलतच सुटलो. तास संपेपर्यंत बाई ऐकत होत्या. नंतर त्यांनी ग्रंथालयातून 'श्यामची आई' काढून दिली आणि मोरी गाईचं प्रकरण वाचायला सांगितलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की एवढ्या मोठ्या माणसालाही गाय गेल्याचं दुःख लिहावंसं वाटलं.

पुढे मी पशुसंवर्धन खात्यात नोकरीला लागलो. २०२२ साली लम्पी आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरुवात झाली आणि बघता बघता आपल्या नगर जिल्ह्यातही पोचला. ताप, अंगभर गाठी, पायाला सूज. माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरणारा रोग. जनावरांचे बाजार बंद झाले. आम्ही दिवस उजाडल्यापासून गोट पॉक्सची लस टोचत फिरत होतो.

एका वस्तीवर वासरू दगावलं. खोल खड्डा घेतला, चुना टाकला. सरकारी मदत गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार होती. मी वडिलांना कागदपत्रं सांगत होतो. त्यांनाही पैशाची गरज होती. पाचवीतली मुलगी दाव्याचा तुकडा हातात घेऊन गोठ्याच्या मेढीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "साहेब, मी तिच्या गळ्याला गळा लावायचे, म्हणून झालं का?"

दोन दिवस ते पोर हेच मनात घेऊन बसलं होतं. मी सांगितलं, "नाही बाळा. हा रोग माणसाला होत नाही, आणि तुझ्यामुळे तो तिला झालेला नाही." मग कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "ती झोपायची कुठे?"

तिने बोट दाखवलं आणि मग बोलायला लागली. त्या दिवशी पुढच्या गावाला पोचायला मला उशीर झाला.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तो प्रश्न तुमचा होता. तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगितलं.